तीनशे दोन

फोनवर मी म्हणाले, "तीनशे दोन लागलंय, मीच लावलं, रात्री घाईत,"
आणि नान्ना जेवता जेवता थांबले.
कडक भाकरीचा तुकडा हातातच.
"कुणाचा गं?"

खून नव्हे, नान्ना. पत्ता.
कोंडा टेक्स्टाइलची साइट नव्या नावावर गेली,
आणि जुनं नाव शिवलेलं आहे टॉवेलांवर,
लेबलावर, लाल दोऱ्यानं, अकरा हजार टॉवेलांवर,
त्यातले निम्मे गुलबर्ग्याला, इंदूरला,
कुणाकुणाच्या आहेरात.
उसवून आणायचे कसे?
म्हणून कंट्रोलरमध्ये, जुन्या दाराशी, मी एक ओळ बसवली:
आलं कुणी तर सांग, इथे नाही, तिकडे.
दार उघडत नाही ती. नुसतं बोट दाखवते.

पण बोट दाखवायचेही प्रकार असतात.
तीनशे एक म्हणजे कायमचे गेले,
वहीत नवा पत्ता लिहून घ्या, इकडे खेटे नकोत.
तीनशे दोन म्हणजे सध्या तिकडे आहेत,
पुढच्या वेळी आधी इथेच विचारा.
मी काही लिहिलंच नाही,
आणि न लिहिलं की तीनशे दोन धरतात.

"म्हणजे आपली चिन्नम्मा," नान्ना म्हणाले.

चिन्नम्मा विडी घरकुलात गेली दोन महिन्यांसाठी,
साखर पेठेतली खोली गळत होती म्हणून.
एकोणीस वर्षं झाली.
रेशनकार्डावर अजून साखर पेठ.
लग्नपत्रिका अजून नदाफांच्या घरी पडतात
आणि इरफान त्या घेऊन जातो हैदराबाद रोडनं, सायकलवर,
आधी त्याचे वडील न्यायचे.
तिला विचारा, पानं कापता कापता म्हणेल,
सध्या इकडं हाय.

मी त्यांना आणखी एक सांगितलं, का कोण जाणे.
की पुढे जा म्हटलं तरी फंक्शन थांबत नाही.
पाहुणा गेलेला असतो
आणि खालच्या ओळी चालूच,
ऑर्डर नोंदवतात, मेल पाठवतात,
कुणाला, काही पत्ता नाही.
रिटर्न लिहावं लागतं, आठवणीनं.
नान्ना हसले. "आडवा धागा तुटला तरी माग पळतोच की.
दांडी ओढेस्तोवर खडखड, खडखड.
कापड निघतंय वाटतं. नुसतं उभं सूत."

आणि चक्कर?
ह्यानं त्याच्याकडे पाठवायचं, त्यानं ह्याच्याकडे?
ती मी सांगितली नाही. ती त्यांनाच ठाऊक.
मिल बंद पडल्यावर तीन नंबरची खिडकी म्हणाली पाच,
पाच म्हणाली तीन.
ब्राउझर वीसदा फिरतो, मग सरळ लिहून टाकतो
की हे काही खरं नाही.
नान्ना एकविसाव्यांदा गेले होते.
डबा घेऊन.

जेवणं झाल्यावर मी दुरुस्त केलं.
दोनाचा एक. तेवढंच.
तपासायला त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल मागितला.
ते म्हणाले, मी टाकतो,
आणि लेबल उजेडात धरून, चष्मा कपाळावर सारून,
एकेक अक्षर दाबत गेले,
एका बोटानं, डॉटसुद्धा.
पान उघडलं. नवं, पांढरं, बरोबर.
चादरीवर पहुडलेली कुणी मुलगी, पुण्यातली वगैरे.

"माझा फोटो होता की त्याच्यात. मागाजवळ."
होता, नान्ना. जुन्यात.
त्यांनी मागे जायचा बाण दाबला.
पुन्हा दाबला.
मला सांगता येईना
की जिथून पुढे पाठवतात ते पान उघडलेलंच नसतं,
मागे गेलं तरी वाटेत लागत नाही.

टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकून
ते मोरीवर हात धुवायला गेले.
लेबल पाठीवर, वरच्या बाजूला,
लाल, वाचता येईल असं.